ठाण्याच्या अंगणात फ्रायर ओदोरिक



आजचा विषय लांबचा वाटेल, पण वाट आपल्या पायाखालचीच आहे. कुंभार्ली घाट उतरलं की चिपळूण, आणि तिथून कोकण धरून उत्तरेला गेलं की ठाणं. सातशे वर्षांपूर्वी त्या ठाणे बंदरात इटलीच्या फ्रिउली प्रांतातला एक फ्रान्सिस्कन संन्यासी, म्हणजे फ्रायर, उतरला. त्याचं नाव ओदोरिक, पोर्देनोनेचा.

फ्रान्सिस्कन म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसचे अनुयायी. त्यांनी पैशाला हात लावायचा नाही, मागून खायचं आणि गावोगाव उपदेश करत हिंडायचं. अशा माणसाला आपल्याकडे कुणी परकं मानलं नसतं. ओदोरिक आला त्या काळात आपले नामदेव महाराज हयात होते, आणि तेही कीर्तन करत पंजाबापर्यंत गेल्याचं परंपरा सांगते. दोघांची गाठ पडल्याचा पुरावा नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर उद्या कुणीतरी नाटक लिहील!

ठाण्यात ओदोरिकचा संबंध आला तो मेलेल्यांशी. एप्रिल १३२१ मध्ये टोलेंतिनोचा थॉमस हा फ्रान्सिस्कन आणि त्याचे तीन साथीदार ठाण्यात मारले गेले होते. देवगिरीचं राज्य बुडालेलं, ठाण्यावर दिल्लीच्या सुलतानाचा अंमल. ज्या ख्रिस्ती घरी ते उतरले होते, तिथलं नवराबायकोचं भांडण काझीपुढे गेलं. साक्षीला बोलावलेल्या या पाहुण्यांना तिथे धर्माचे प्रश्न विचारले गेले, आणि उत्तरं त्यांच्या जिवावर बेतली. जोर्दानुस नावाच्या डोमिनिकन पंथाच्या संन्याशाने त्यांचे देह नेऊन पुरले. पुढे ओदोरिकने त्या अस्थी उकरल्या, कापडात बांधल्या आणि चीनकडे निघाला. वाटेत वारा पडला, गलबत हलेना. तेव्हा आपण त्यातलं एक हाड गुपचूप समुद्रात टाकलं आणि वारा सुटला, असं तो सांगतो. त्याच्या श्रद्धेवर मी बोलणार नाही. उरलेल्या अस्थी त्याने चीनमधल्या झैतून बंदरातल्या आपल्या पंथाच्या मठात पोचवल्या, एवढं खरं.

पण मला खरा रस आहे तो ठाण्यातल्या त्याच्या मुक्कामात. होर्मुझहून तो ज्या गलबतातून आला त्यात लोखंडाचा खिळासुद्धा नव्हता. फळ्या दोऱ्यांनी शिवलेल्या होत्या. अठ्ठावीस दिवसांनी ठाणं लागलं. इथे त्याला कुत्र्याएवढे उंदीर दिसले, आणि त्यांना मांजरं नव्हे, कुत्री मारतात असं त्याने नोंदवलं. घूस पाहिलेल्या माणसाला यात फारशी अतिशयोक्ती वाटणार नाही. मेलेल्यांना पुरत नाहीत, वाजतगाजत माळावर नेऊन पशुपक्ष्यांसाठी ठेवतात, असंही तो म्हणतो. ही चाल सगळ्या गावाची नसणार, पारशांची असावी.

लग्नाचं वर्णन तर ऐकाच. नवरी घोड्यावर, मागे नवरा, त्याच्या हातातली सुरी तिच्या गळ्याशी, डोक्यावर पांढऱ्या फुलांची उंच टोपी, आणि पुढे गाणाऱ्या मुली. मला यात बाशिंग दिसतं, नवरदेवाच्या हातातली कट्यार दिसते. सुरी गळ्याशी होती की नुसती हातात, याबद्दल मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. परक्याला धाक आधी दिसतो.

आणि मग ते एक वाक्य. या देशात प्रत्येकाच्या घरापुढे खांबाएवढं जाड एक झुडूप असतं आणि पाणी मिळत असेपर्यंत ते वाळत नाही, असा त्याचा आशय. ओदोरिकचा इंग्रजी अनुवादक हेन्री यूल याने ओळखलं, ही तुळस. झाडाची पूजा करणारे लोक म्हणून ओदोरिकने नाक मुरडलं असेल; पण दारात रोज पाणी घातलं जातं, हे त्याने पाहिलं. १३२० च्या दशकातल्या कोकणातल्या साध्या घराचं अंगण आपल्याला हा उपदेशक दाखवतो. राजांचे ताम्रपट आणि शिलालेख गावं दान दिल्याचं सांगतात. अंगणात काय होतं, हे सांगायची त्यांना गरज नव्हती.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. मलबार, सिंहलद्वीप, सुमात्रा, जावा, मग चीन. खानबालिक, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये तीन वर्षं. मे १३३० मध्ये पादुआच्या मठात त्याने हे सगळं एका सहकाऱ्याला तोंडी सांगितलं आणि त्याने लिहून घेतलं. १४ जानेवारी १३३१ रोजी उदिने इथे ओदोरिक वारला. १७५५ मध्ये पोपने त्याला धन्य घोषित केलं. मधल्या काळात सर जॉन मँडेव्हिल या नावाने लिहिणाऱ्याने त्याचा मजकूर सरळ उचलला आणि मूळ लेखकापेक्षा जास्त नाव कमावलं!

उपदेशक म्हणून ओदोरिकने इथे किती माणसं वळवली, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. साक्षीदार म्हणून तो मोठा आहे. भाबडा, कधी चुकणारा, पण डोळे उघडे ठेवणारा. यूलचा अनुवाद १८६६ पासून छापलेला आहे. इंग्रजी येणाऱ्या तुमच्या मुलांकडून त्यातली ठाण्याची चार पानं तरी घरात मोठ्याने वाचून घ्या.