पाहुण्यांना साखर आहे, गोड काय करू?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाई हा विषय घेऊन घरी आल्या तेव्हा मला प्रथम हसूच आले. वर्धापनदिनाचा सोहळा, आत बुंदीच्या लाडवांची परात झाकून ठेवलेली, आणि मी बोलायचे कशावर, तर मधुमेही पाहुण्यांच्या गोडधोडावर! पण या विषयावर चार शब्द बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे. आमच्या घरी मधुमेह गेली 22 वर्षे मुक्कामाला आहे. ह्यांना तो जडला, आणि त्याच्याबरोबर संसार करायला मी शिकले. मी डॉक्टर नव्हे. औषधाचे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावे. मी स्वयंपाकघरातले आणि पंगतीतले तेवढे सांगणार आहे.

हा विषय दोन-चार घरांपुरता राहिलेला नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यांत आपल्या देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज आहे. प्रौढांत हे प्रमाण शेकडा 11.4 पडते. म्हणजे आपण 25 मोठ्या माणसांची पंगत मांडली, तर सरासरीने त्यांतली तिघे जण मधुमेही निघायची, आणि त्यांतल्या एखाद्याला ते स्वतःलाही ठाऊक नसायचे. तेव्हा 'आमच्याकडे येणाऱ्यांत कोणी तसे नाही' असे कोणत्याही गृहिणीने समजू नये.

अशा पाहुण्याच्या वाट्याला दोन तऱ्हेच्या यजमानिणी येतात. पहिली आग्रह करणारी. 'एवढ्याने काय होते? आज एक दिवस चालते. माझ्या हातची म्हणून एक घ्याच.' तिचे प्रेम खरे असते, पण ती पानात वाढून मोकळी होते आणि रात्रीचा त्रास पाहुणा घरी जाऊन भोगतो. दुसरी असते फार काळजी घेणारी. एका केळवणाला आम्ही बसलो होतो. स्वयंपाकघरातून मोठ्याने हाक आली, 'ते साखरेचे पेशंट कुठे बसलेत ग? त्यांना खीर वाढू नका, पापड द्या दोन!' पंधरा माना आमच्याकडे वळल्या. हे हसले, पापड खाल्ला. पण पुढे वर्षभर कोणाचे जेवणाचे बोलावणे आले की ह्यांचे उत्तर ठरलेले, 'तू जाऊन ये, मला कंटाळा आला आहे.' साखरेने माणसाचे शरीर थकते हे डॉक्टर सांगतात. पंगतीतून बाजूला काढल्याने त्याचे मन कसे थकते ते मी घरात पाहिले.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे: मधुमेही पाहुण्यासाठी वेगळे गोड करू नका. सर्वांसाठीच एक गोड असे करा की ते त्यालाही थोडे खाता येईल. ते लहान वाटीत वाढा. त्यात काय घातले आहे ते खरे सांगा. आणि घ्यायचे की नाही हे त्याच्यावर सोपवा.

'खरे सांगा' यावर मी जोर देते, त्याला कारण आहे. आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे की पांढरी साखर तेवढी वाईट. गूळ, मध, खजूर चालतात. एका घरी ह्यांना 'अगदी बिनसाखरेचे लाडू' म्हणून दोन लाडू मिळाले. विश्वासाने खाल्ले. रात्री रक्तातली साखर मोजली तर 310! नंतर कळले, लाडवांत खजूर होता आणि वर गूळही होता. बाईंनी खोटे सांगितले नव्हते. त्यांच्या मते ते बिनसाखरेचेच होते. पण 100 ग्रॅम साखरेत 400 च्या आसपास उष्मांक, तर तेवढ्याच गुळात 380 च्या आसपास. गुळात थोडे लोह असते हे खरे, पण रक्तात तो साखरेसारखाच चढतो. खजुराचा तर निम्म्याहून अधिक भाग साखरच. मधाचेही तेच. आणि साखर मुळीच न घालता केलेली साबुदाण्याची खीर? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. पोटात गेल्यावर त्याचीही साखरच होते. रवा, मैदा, तांदूळ यांची गोष्ट याहून फार वेगळी नाही. तेव्हा गोडाचा हिशेब करताना घातलेली साखर आणि मूळचे पिष्ट, दोन्ही धरावी लागतात. इन्शुलिन घेणारी पुष्कळ माणसे जेवणातले हे प्रमाण पाहून औषधाची मात्रा ठरवतात. त्यांना चुकीचे सांगितले तर मात्राही चुकते.

आता प्रत्यक्ष पदार्थांकडे वळते. मी तीनच सांगणार आहे, पण ते आपल्या रोजच्या पाहुणचारातले आहेत.

पहिला मान श्रीखंडाचा. आपला जुना प्रघात चक्क्याइतकी साखर घालण्याचा. अर्धा किलो चक्का, अर्धा किलो साखर, आणि त्याच्या 20 लहान वाट्या केल्या तरी प्रत्येक वाटीत 25 ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चहाचे चमचे साखर जाते. मी अर्धा किलो चक्क्याला 75 ग्रॅमच साखर घालते आणि 12 वाट्या करते. वाटीत सहा-साडेसहा ग्रॅम, म्हणजे दीड चमच्याहून कमी. यासाठी चक्का मात्र अगदी ताजा हवा. आंबट झाला तर सगळा बेत फसतो. साखर कमी पडल्यामुळे चक्का घट्ट राहतो, तो दोन चमचे दुधाने सैल करावा. केशर, वेलदोडा आणि किंचित जायफळ सढळ हाताने नव्हे, पण ताजे कुटून घालावे. वासामुळे गोडी वाढल्यासारखी वाटते. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मिळते तेव्हा तिचे काप वर घालते. पाने वाढायच्या आधी चार तास थंडाव्यात ठेवले की केशर उतरते.

दुसरी दुधीची खीर. प्रथम दुधीचा तुकडा चाखून पाहावा. कडू लागला तर तो दुधी सरळ टाकून द्यावा, कारण कडू दुधी विषारी असतो. गोड्या दुधीचा 300 ग्रॅम कीस चमचाभर तुपावर परतून झाकणाखाली मऊ शिजवावा. एक लिटर दूध वेगळे आटवून पाऊण लिटर करावे आणि मग कीस त्यात घालावा. दाटपणासाठी तांदळाची पिठी न लावता दोन चमचे बदामाची पूड लावावी. हिच्या आठ लहान वाट्या होतात. दुधाची स्वतःची साखर असते. ती वाटीमागे सहा ग्रॅमांच्या आसपास जाते. म्हणून वरून 40 ग्रॅमहून अधिक साखर घालू नये. बासुंदीत दूध याहून पुष्कळ आटते, म्हणून तिच्या बाबतीत वाटी आणखी लहान हवी.

तिसरी पुरणपोळी. होळीला ती नाही म्हटले तर घरातले सगळेच रुसतील! पाव किलो डाळीला पाव किलो गूळ घालून 15 पोळ्या केल्या, तर पोळीमागे 16-17 ग्रॅम गूळ जातो. मी 100 ग्रॅम घालते. पोळीमागे सात ग्रॅमही होत नाही. वेलदोड्याबरोबर थोडी सुंठ आणि जायफळ घालते. गूळ कमी असल्याने पुरण लवकर कोरडे होते, तेव्हा तळाशी लागू न देण्याची काळजी घ्यावी. मैदा न घेता कणीक घ्यावी. तरीही डाळ, कणीक आणि गूळ मिळून ही एक पोळी दोन लहान साध्या पोळ्यांच्या तोलाची आहे. म्हणून ज्याने पुरणपोळी घेतली, त्याच्या पानात त्या दिवशी भात आणि साधी पोळी वाढू नये. गोड हे जेवणात भर म्हणून न येता बदली म्हणून यावे, हे सूत्र लक्षात ठेवले की पुष्कळ अडचणी सुटतात.

वाढण्याच्या क्रमाचेही सांगते. पहिला घास गोडाचा, ही आपली रीत. मधुमेही माणसाने आधी कोशिंबीर, पालेभाजी, उसळ खाऊन मग शेवटी गोड खाल्ले, तर रक्तातली साखर कमी वेगाने चढते. तेव्हा गोडाची वाटी शेवटी आणावी. जेवणानंतर सर्वांनीच शतपावली करावी. तिचाही उपयोग होतो.

कृत्रिम गोडीच्या पुडीबद्दल मला नेहमी विचारतात. सॅकरिनचा शोध 1879 चा, म्हणजे ही कल्पना काही नवी नाही. आज अस्पार्टेम आणि सुक्रालोज अधिक चालतात. अस्पार्टेम शिजवले की त्याची गोडी जाते, म्हणून ते खाली उतरवून कोमट झाल्यावर घालावे. सुक्रालोज उष्णता बरीच सोसते. परंतु ते कोणाला चालते आणि कोणाला नको असते, म्हणून न सांगता घालू नये. बाजारच्या 'शुगर-फ्री' मिठाईवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. तिच्यात मैदा आणि तूप भरपूर असू शकते, आणि माल्टिटॉलसारखे पदार्थ असले तर जास्त खाल्ल्याने पोट बिघडते. मला स्वतःला थोडी साखर आणि लहान वाटी हाच मार्ग बरा वाटतो.

शेवटची गोष्ट साखर कमी होण्याची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. एका मुंजीत 'पाने मांडली' असे ऐकून ह्यांनी इन्शुलिनची सुई टोचून घेतली. मग फोटो निघाले, कोणीतरी यायचे राहिले, आणि पंगत पाऊण तास लांबली. हे घामाने डबडबले, हात कापू लागले, शब्द अडखळू लागले. मोजली तर साखर 58 भरली. 70 च्या खाली गेली की थांबायचे नसते. शुद्धीवर असलेल्या माणसाला 15 ग्रॅम ग्लुकोजची पूड किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब द्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा मोजावे, कमी असेल तर पुन्हा द्यावी. काही गोळ्या घेणाऱ्यांना साधी साखर उशिरा लागू पडते, म्हणून ग्लुकोजची पूड घरात असलेली बरी. पेढा किंवा चॉकलेट देऊ नये. त्यांतल्या स्निग्धांशाने वेळ लागतो. कृत्रिम गोडीची पुडी तर त्या वेळी काहीच कामाची नाही. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ डॉक्टर गाठावा. त्या दिवशी शेजारच्या पाटावरच्या एका बाईंनी धावत साखरपाणी आणले, म्हणून निभावले. ज्या साखरेपासून आपण पाहुण्याला जपतो, तीच अशा वेळी त्याचा जीव वाचवते. म्हणून गोड कमी केलेत तरी जेवणाची वेळ मात्र पाळा, आणि उशीर होणार असेल तर आधी सांगा.

भगिनींनो, पाहुणा आला की त्याला आत बोलावून हळूच एवढे विचारा, 'जेवणाची वेळ किती सांभाळायची? गोडात हे हे घातले आहे, चालेल ना?' या दोन प्रश्नांना पैसा लागत नाही, की चारचौघांत कोणाची मान खाली जात नाही. आणि त्याने 'पुरे' म्हटले की पळी मागे घ्या. 'पुरे' हा शब्द ऐकणे हाही आदरातिथ्याचाच भाग आहे.

आता परातीवरचे झाकण निघेल. बुंदीचे लाडू आज जरा लहानच वळले आहेत, आणि चिटणीसबाईंनी शेजारी दुधीच्या खिरीच्या छोट्या वाट्याही मांडल्या आहेत. त्या सर्वांसाठी आहेत.