गाडीचे ऑइल आणि खात्यातली शिल्लक

(मालवाहू वाहनधारक खातेदारांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी व्याजदरापासून सुरुवात करणार नाही. आपल्यापैकी बहुतेकांची गाडी बँकेच्या कर्जावर आहे. कोणाची बोलेरो पिकअप, कोणाचा छोटा हत्ती. कोणी दूध वाहतो, कोणी भाजी, कोणी सिमेंटच्या गोण्या. नाशिकहून द्राक्षे नेणारा असो की इंदूरच्या चोइथराम मंडीत कांदा उतरवणारा असो, हप्ता शेवटी गाडीच भरते. म्हणून आज इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर यांबद्दल बोलू. बचतीचा हिशेब त्यातूनच निघेल.

ऑइल तीन कामे करते. इंजिनचे भाग एकमेकांवर घासू देत नाही, आतली उष्णता वाहून नेते आणि काजळी व धातूचा कीस फिल्टरपर्यंत पोहोचवते. किलोमीटर वाढतात तशी त्याची ताकद कमी होते. फिल्टर पूर्ण तुंबला की त्यातली झडप उघडते आणि ऑइल न गाळताच इंजिनात फिरू लागते. गाडी तरीही चालते, म्हणूनच आपण फसतो. कमी झालेले ऑइल वरून ओतले म्हणजे ऑइल बदलले असे होत नाही. जुनी घाण आतच राहते.

एका खातेदाराची हकिगत सांगतो. नाव सांगत नाही. भाजीची वाहतूक, धंदा चांगला. ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा हप्त्याची तारीख जवळ होती, म्हणून त्यांनी ते पुढच्या महिन्यावर टाकले. पुढच्या महिन्यात घरी लग्न होते. एका रात्री घाटात ऑइलचा लाल दिवा लागला. माल वेळेत पोहोचवायचा म्हणून गाडी तशीच दामटली आणि इंजिन जाम झाले. दुरुस्तीला ८०,००० रुपये लागले आणि गाडी अठरा दिवस उभी राहिली. ५०,००० रुपये त्यांनी महिना शेकडा तीनने उचलले. म्हणजे वर्षाला ३६ टक्के. मुद्दल बाजूलाच, नुसते व्याज महिन्याला १,५०० रुपये. नेहमीचे गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीकडे गेले ते वेगळेच.

‘विमा आहे ना?’ असे पुष्कळजण विचारतात. वाहन विमा अपघात, चोरी, आग अशा गोष्टींसाठी असतो. झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत बसत नाहीत. इंजिनची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

ऑइल घरी बदलता येते. मात्र गाडी वॉरंटीत असेल तर अधिकृत केंद्रातच सर्व्हिसिंग करा आणि पावत्या सांभाळा. वॉरंटी संपल्यावर स्वतः करायचे असेल तर पहिल्यांदा जाणकाराला शेजारी उभे करा.

गाडीची पुस्तिका काढा. ऑइलचा ग्रेड, किती लिटर आणि किती किलोमीटरला बदलायचे, हे तिच्यात असते. बी.एस. ६ डिझेल गाड्यांना अनेकदा ठरावीक प्रकारचेच ऑइल लागते. शेजाऱ्याच्या गाडीत चालते म्हणून आपल्यात चालेल असे नाही. सीलबंद डबा घ्या, पावती मागा. बाजारात नकली माल असतो.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. पैसे वाचवायला जाऊन जीव गमावू नये. इंजिन कोमट असावे. थंड ऑइल नीट उतरत नाही, कढत ऑइलने हात भाजतो. खाली पसरट भांडे ठेवून ड्रेन बोल्ट सोडवा आणि सगळे ऑइल निथळू द्या. बोल्ट परत लावताना नवा वॉशर घाला. जोर लावून आटे खराब करू नका.

मग फिल्टर. जुन्याची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, ते पाहा. ती राहिली आणि त्यावर नवा फिल्टर बसवला तर ऑइल गळणारच. नव्या फिल्टरच्या रिंगला ऑइलचे बोट फिरवा आणि तो हाताने बसवा. किती आवळायचा ते फिल्टरवर किंवा त्याच्या खोक्यावर छापलेले असते. काही मॉडेलांत फिल्टरची रचना वेगळी असते, तिथे पुस्तिकेप्रमाणे करा.

नवे ऑइल सांगितल्यापेक्षा थोडे कमी भरा. इंजिन सुरू करा, लगेच रेस देऊ नका. लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर इंजिन तत्काळ बंद करा. खाली वाकून गळती पाहा. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ हवे. जास्त भरणेही वाईटच.

काढलेले ऑइल गटारात किंवा शेतात ओतू नका. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेले ऑइल येते. ते झाकणाच्या डब्यात भरून, नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याला माल देणाऱ्या गॅरेजकडे द्या.

आता हिशेब. घरी केल्याने मजुरी वाचते, पण ती रक्कम फार मोठी नाही. खरा फायदा असा की आत कोणते ऑइल पडले हे आपल्याला ठाऊक असते, आणि गाडीखाली गेल्यामुळे गळती, फाटलेला पाइप वेळेवर दिसतो. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल गॅरेजमध्ये करून घ्यावे. पण त्यासाठीचे पैसे आधीच बाजूला असले पाहिजेत.

उदाहरणापुरते आकडे धरू. ऑइल आणि फिल्टर मिळून ३,००० रुपये, बदल दर १०,००० किलोमीटरला. म्हणजे किलोमीटरमागे ३० पैसे. टायरचा संच २४,००० रुपयांचा, चालतो ४०,००० किलोमीटर. म्हणजे ६० पैसे. ब्रेक, क्लच, बॅटरीसाठी ४० पैसे धरा. एकूण १ रुपया ३० पैसे. महिन्याला गाडी २,५०० किलोमीटर धावत असेल तर ३,२५० रुपये झाले. हे पैसे हातात आले तरी ते आपली कमाई नाहीत. गाडीने ते आपल्याकडे ठेवायला दिलेले आहेत.

यासाठी वेगळे बचत खाते ठेवा. भाडे मिळाले की त्याच संध्याकाळी मीटर बघून तितकी रक्कम मोबाइलवरून तिकडे वळवा. ज्या खात्यातून हप्ता कापला जातो त्यात हे पैसे ठेवू नका, नाहीतर दोन्ही एकमेकांत मिसळतील. विम्यासारखे वर्षातून एकदा येणारे खर्च आवर्ती ठेवीत टाका. वर्षाला ३०,००० लागत असतील तर महिना २,५०० रुपयांची बारा महिन्यांची ठेव उघडा. मुदत प्रीमियमच्या तारखेआधी संपेल असे पाहा. व्याज वर मिळेल.

एवढे करूनही गाडी अडलीच, तर हप्ता चुकण्याआधी शाखेत या. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की कर्ज अनुत्पादक ठरते आणि क्रेडिट स्कोअरवरचा डाग पुढच्या कर्जाला आडवा येतो. आधी सांगितलेत तर मार्ग शोधायला आम्हालाही वाव असतो. सावकाराकडे जाण्याआधी आमच्याशी बोला.

आज घरी गेल्यावर एक वही घ्या. पहिल्या पानावर तारीख, मीटरचा आकडा, शेवटचे ऑइल कधी बदलले आणि पुढचे कधी, एवढे लिहा. शेवटचे ऑइल कधी बदलले ते आठवत नसेल, तर उद्याची फेरी सुरू करण्याआधी डिपस्टिक बघा आणि याच आठवड्यात ऑइल बदला.