दुष्काळ उतरल्यावरचे काम

(वलगाव येथे वर्गणीदारांच्या सभेत दुष्काळ निवारण समितीतर्फे झालेले भाषण)



समितीचा जमाखर्च या पुस्तिकेच्या अखेरीस छापिला असून तो प्रत्येकाने सवडीने तपासून पाहावा अशी आमची विनंती आहे. तो येथे वाचून दाखविण्यात आपला वेळ घेण्याचा आमचा हेतू नाही. यंदा मृग कोरडा गेला, आर्द्राच्या दोन सरींवर भरवसा ठेवून टाकलेले बियाणे जमिनीतच जळाले, आणि दुबार पेरणी ज्यांस साधली त्यांचीही कपाशी गुडघ्याएवढी होऊन थांबली, हे आपण सर्व जाणताच. समितीने धान्य दिले, जनावरांस कुटार दिले, विहिरी आटल्या तेथे टँकरने पाणी पोहोचविले. या कामी आपण हात आखडता घेतला नाही, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.

परंतु वर्गणीकरिता दारोदार फिरत असता दोन प्रश्न आम्हांस वारंवार विचारले गेले. पहिला असा की, पुढील वर्षी पाऊस चांगला झाला म्हणजे समिती बंद होणार ना? दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. ज्या घरचा कर्ता पुरुष गेला अशा घरांतील काही मुले कॅथोलिक भगिनींच्या वसतिगृहात ठेवावी व त्यांचा खर्च समितीने सोसावा, अशी सूचना समितीपुढे आली आहे. ती कानी जाताच काही सद्गृहस्थांनी, असे झाल्यास आपली वर्गणी परत मिळावी, असे आम्हांस स्पष्ट कळविले. त्यांचा राग आम्हांस समजतो, आणि त्यांनी तो मनात न ठेवता तोंडावर सांगितला हे बरेच झाले. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर देण्याकरिताच आम्ही उभे आहोत. ते देण्यापूर्वी थोडे मागे गेले पाहिजे.

१८९९-१९०० चा दुष्काळ येथील मारवाडी बंधूंच्या घरी आजही छपनिया या नावाने ओळखला जातो, कारण तो विक्रम संवत १९५६ मध्ये पडला. त्या वेळेपर्यंत वऱ्हाड कापसाच्या पैशाने भरलेले, येथे दुष्काळ यावयाचा नाही, असा सर्वांचाच समज होता. तो समज त्या एका वर्षाने मोडला. ज्याच्या घरी पेव होते तो तरला. ज्याचे पोट रोजच्या निंदणीवर, वेचणीवर होते त्यास बाजारात ज्वारी दिसत असूनही घेता येईना. कारण पीक बुडताच मजुरीही बुडाली. सरकारने खडी फोडण्याची कामे काढिली, अन्नछत्रे उघडिली. तरी १८९१ च्या खानेसुमारीत जेथे सुमारे २८ लाख ९७ हजार माणसे मोजली गेली होती, तेथे १९०१ साली २७ लाख ५४ हजार भरली. दहा वर्षांत जेथे वाढ व्हावयाची तेथे जवळजवळ दीड लाखांची तूट! हे सर्वच मृत्यू दुष्काळाचे नव्हेत, कित्येक माणसे परागंदाही झाली असतील. तथापि या तुटीत छपनियाचा वाटा सर्वांत मोठा होता.

पुढे पाऊस पडला. खडीची कामे बंद झाली, अन्नछत्रांच्या चुली विझल्या, लोक वखर घेऊन शेतात गेले. मागे राहिली ती मुले, ज्यांस परत नेण्यास कोणी उरले नव्हते. पाच वर्षांच्या मुलास दुष्काळ संपल्याने काही लाभ होत नाही. त्यास आणखी बारा-पंधरा वर्षे रोज दोन वेळ जेवावयाचे असते.

या ठिकाणी मिशनऱ्यांचा संबंध येतो. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी सव्हॉय नावाचा डोंगराळ व त्या काळी गरीब प्रांत आहे. तेथील ॲनेसी या गावी १८३८ साली पियेर मेर्मिये या पाद्र्याने संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने एक धर्मसंघ स्थापिला. त्याच साली क्लोदीन एशेर्निए या स्त्रीच्या साह्याने भगिनींचा क्रूस-संघही उभा राहिला. पहिल्या संघाचे लोक १८४५ साली हिंदुस्थानात उतरले व पुढे नागपूर-कामठीकडे आले. भगिनी १८८६ साली आल्या. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ साली झाला, त्यातून अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत १९५५ साली निघाला. अमरावतीत होली क्रॉस या नावाने भगिनींची शाळा व टाकून दिलेल्या तान्ह्या बालकांचे घर उभे राहिले. मेळघाटात चिखलदऱ्यानजीक कोरकूंमध्ये मरियमपूर वसले. तिकडे गंगापूर-वैजापूरच्या बाजूस घोगरगाव येथे फादर गुरियन जाकिए यांनी, ज्या वस्त्यांत पाऊल टाकण्यास आपल्यातील पुष्कळांस त्या काळी विटाळ वाटत असे, अशा महार-मांगांच्या वस्त्यांत आपले आयुष्य घालविले.

यांतील प्रत्येक गोष्ट थोर होती असे म्हणण्यास आम्ही उभे नाही. आम्हांस फक्त एक गोष्ट दाखवावयाची आहे. ही माणसे दुष्काळ पाहून आली नव्हती आणि दुष्काळ संपल्यावर गेली नाहीत. एक फादर वारला तर दुसरा येई. एक भगिनी थकली तर तिच्या जागी तिशीतली दुसरी उभी राही. मूल ज्याने उचलले त्याच्या मृत्यूने मूल पुन्हा उघड्यावर पडत नसे. याचे कारण त्यांची व्यवस्था होय, आणि ती व्यवस्था बाजारात बसणाऱ्या माणसाने लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे.

पैसा येत होता कोठून? राजेरजवाड्यांकडून फार थोडा. फ्रान्समधील लियाँ शहरी १८२२ साली पोलीन जारिको या बाईच्या प्रयत्नाने एक मंडळी निघाली होती. तिचा नियम साधा होता. प्रत्येक सभासदाने आठवड्यास एक सू, म्हणजे तांब्याचे एक हलके नाणे, द्यावयाचे. दहा सभासदांचा एक गट. गटप्रमुखाने ते गोळा करून शंभरांच्या प्रमुखाकडे द्यावयाचे, त्याने हजारांच्या प्रमुखाकडे. लियाँ हे रेशीम विणणाऱ्या कारागिरांचे शहर; तेथे मागावर बसणारी मजूर बाईही एक सू देऊ शकत होती. पुढे १८४३ साली लहान मुलांकरिताही असेच एक मंडळ निघाले. युरोपातील शाळकरी पोरे दरमहा एक नाणे परदेशच्या अनाथ मुलांसाठी देऊ लागली. अशा मंडळ्यांच्या द्रव्यावर जगभरची कॅथोलिक मिशने पोसली गेली. ज्यांनी आशिया खंड नकाशावरही धड पाहिला नव्हता अशा लोकांची ही वर्गणी होती. ती थोडी असे, पण चुकत नसे.

आता आक्षेपाकडे वळू. मिशनच्या अनाथालयांत वाढलेली मुले बहुतेक ख्रिस्ती झाली, हे खरे आहे. मिशनऱ्यांनीही ते कधी झाकले नाही. त्यांच्या दृष्टीने तोही कार्याचाच भाग होता. भुकेच्या वेळी केलेला उपकार आणि धर्म यांची सांगड घातली जावी हे आम्हांस पसंत नाही, आणि पूर्वीच्या पिढीतील विचारी लोकांसही ते पसंत नव्हते. परंतु त्यांनी केले काय ते पाहावे. लाला लजपतराय यांनी १८९७ च्या दुष्काळापासून हिंदू अनाथ मुलांच्या साह्याची चळवळ उभारिली. मध्यप्रांतातून व राजपुतान्यातून मुले नेऊन त्यांनी पंजाबातील अनाथालयांत ठेविली, आणि १९०१ साली दुष्काळ-कमिशनपुढे साक्ष देऊन या मुलांचा प्रश्न मांडिला. नुसती तक्रार करून ते थांबले नाहीत. मुलास जेवू घालण्याचा पत्कर घेतल्यावरच, ते मूल कोणाकडे जावे, याविषयी बोलण्याचा अधिकार त्यांनी वापरिला.

आपल्याच भागातही असा अधिकार मिळविणारे लोक होऊन गेले. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीस तपोवन स्थापून महारोग्यांस जवळ केले. परतवाड्याच्या बाजूस वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या व अपंग मुलांस आपले नाव देऊन वाढविले. १८ वर्षे पूर्ण होताच अशा मुलांस संस्थेबाहेर काढण्याचा नियम चुकीचा आहे, हे ते वर्षानुवर्षे सरकारास सांगत आले. २०२४ साली त्यांस पद्मश्री मिळाली. आणि गाडगे महाराजांविषयी वलगावकरांस आम्ही काय सांगावे? २० डिसेंबर १९५६ रोजी आपल्याच पेढी नदीच्या पुलाजवळ त्यांनी देह ठेविला. लाखो रुपयांच्या धर्मशाळा ज्यांनी बांधिल्या, त्यांनी स्वतः एकीतही मालक म्हणून वास केला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या स्वाधीन करून ते मोकळे झाले. काम आपल्यामागे चालावे याची तजवीज त्यांनी जिवंतपणीच केली होती.

मिशनऱ्यांच्या कामाचीही रीत कालांतराने पालटली, हेही सांगणे न्यायाचे होईल. १९७२ च्या दुष्काळात मिलो व सुकडीवर दिवस काढलेले लोक या सभेत असतील. त्या काळात कॅथोलिक संस्थांनीही धान्य वाटले. परंतु नगर जिल्ह्यात फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइटांस, विहिरी खणून व उपसा सिंचन करूनही गाव पुन्हा कोरडे पडते, हा अनुभव येत होता. त्यांनी पाणी विहिरीत शोधण्याचे सोडून डोंगरमाथ्यावर शोधिले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर व बांध, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, गावकऱ्यांचे श्रमदान, आणि पैसा गावाच्याच समितीच्या हाती, अशी ती पद्धत. १९८९ साली जर्मन सरकारच्या साह्याने व नाबार्डमार्फत तिचा मोठा कार्यक्रम झाला. १९९३ साली पाणलोट कामाकरिता स्वतंत्र संस्था निघाली. संगमनेर तालुक्यातील मेंढवण, दरेवाडी ही गावे त्यामुळे नावारूपास आली. त्या कामात कोणाचा धर्म विचारण्याचे कारणच नव्हते, कारण बांधाने अडविलेले पाणी सर्वांच्याच विहिरीस लागते. आपल्या काळ्या जमिनीस ती पद्धत जशीच्या तशी लागू पडणार नाही. पेढी जिला मिळते त्या पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा तर आणखी निराळा. तेथे विहीर जितकी खोल जाईल तितके पाणी खारट, सबब शेततळ्यावरच भर द्यावा लागेल. हा विषय मोठा असून त्याचा तपशील पुढील अहवालात देण्याचा आमचा मानस आहे.

आता मुख्य प्रश्न. छपनियाच्या वेळी मागे राहिली ती मुले भुकेने मेलेल्यांची होती. आज मागे राहतात ती कर्जाने आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची. प्रकरण पात्र ठरले तर सरकार एक लाख रुपये देते. त्यांतील ३० हजार हाती व ७० हजार ठेवीत, अशी रीत २००६ पासून राहिली आहे. प्रकरण अपात्र ठरले तर तेही नाही. जमीन मृताच्या नावे नव्हती, किंवा कर्ज बँकेचे नसून हातउसने होते, अशा कारणांवरून प्रकरणे अडतात. सहावीतल्या मुलाची पदवी पूर्ण होण्यास नऊ-दहा वर्षे लागतात, आणि ३० हजार रुपये पहिल्या वर्षीच दुकानदार व सावकार यांची देणी भागविण्यात जातात. या सभेत बसलेल्यांपैकी काहींच्या वहीत ती जमा झालीही असेल. ती रक्कम न्याय्य देण्याची होती, हे आम्हांस मान्य आहे. आम्ही केवळ ती कोठे गेली हे सांगत आहोत.

म्हणून समितीने पुढीलप्रमाणे ठरविले आहे. मुलास कोठे ठेवावे हे त्याची आई ठरवील. कॅथोलिक भगिनींचे वसतिगृह असो, एखाद्या शिक्षणसंस्थेचे असो, वा मामाचे घर असो. समिती त्यात ढवळाढवळ करणार नाही, आणि खर्च शिक्षण पुरे होईतो देईल. ज्या मुलास आईही नाही त्याची गोष्ट निराळी. बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीच्या आदेशाविना कोणतीही संस्था अशा मुलास ठेवून घेऊ शकत नाही, मग ती मिशनची असो वा आपली. सरकारी साह्य घेणाऱ्या शाळेत पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षण देता येत नाही, असे राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदात आहेच. आम्ही याउपर प्रत्येक वसतिगृहाकडून तीन गोष्टी लेखी घेणार आहो: मुलाचे नाव बदलले जाणार नाही, आईस दर महिन्यास भेटता येईल, आणि सणास मूल घरी पाठविले जाईल. ज्या भगिनींशी आमचे बोलणे झाले त्यांनी यास लगेच रुकार दिला, हे नमूद केले पाहिजे.

ज्यांस याउपरही मुले मिशनकडे जाऊ नयेत असे वाटते, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. त्यांनी वलगावात वसतिगृह काढावे, जागा द्यावी, दहा वर्षांचा खर्च पत्करावा. आया मुले तेथे आनंदाने ठेवितील आणि समिती तेथेही पैसे देईल.

खर्चाची रीत सांगून आम्ही संपवितो. एकरकमी मोठी देणगी आज आम्ही मागत नाही. राष्ट्रीय शाळांच्या काळी मुष्टिफंड होता. अडतीवर धर्मादायाचा पैसा काढण्याची चालही आपल्या वडिलांच्या वेळी होती. त्याच धर्तीवर, लियाँच्या विणकरांप्रमाणे दहा-दहा घरांचे दशक करावयाचे. रोख देणाऱ्याने दरमहा झेपेल ती पण ठरलेली रक्कम द्यावी. शेतकऱ्याने सुगीत ज्वारी वा तूर द्यावी, मात्र निवडलेली, कारण मागील खेपेस आलेल्या काही पोत्यांत खडे फार निघाले. मुदत दहा वर्षांची राहील. देणारा मध्येच वारल्यास त्याच्या वारसास विचारण्यात येईल, सक्ती होणार नाही. हिशेब दर पाडव्यास, म्हणजे सालदारांची साले ठरतात त्या दिवशी, दशकप्रमुखांपुढे वाचला जाईल.

नोंदवही मंडपाच्या दारापाशी ठेविली आहे. दशकप्रमुख होऊ इच्छिणाऱ्यांनी आपल्या नावासोबत नऊ घरांची नावे लिहावी. नावे पुढील बाजारापर्यंत भरून दिली तरी चालतील. ज्यांनी मिशनच्या नावामुळे वर्गणी थांबविली आहे त्यांनी, आपली रक्कम मुलांच्या खर्चास, शेततळ्यास की कुटारास लागावी, हे नावापुढे लिहावे. ती त्याच सदरात जमा धरली जाईल, आणि तशी पावती त्यांस मिळेल.