परसांतील कोंबडी : पिलापासून पातेल्यापर्यंत

जत्रेच्या दिवसांत गुलाबी, हिरव्या, जांभळ्या रंगांत बुडविलेलीं कोंबडीचीं पिलें टोपलींत घालून विकावयास येतात. मुलें हट्ट धरितात, आईबाप विरघळतात आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांतून दोन-चार पिलें घरीं येतात. त्यांतील कित्येक आठवडाभरांतच मरतात. एखादें जगलेंच तर तें बहुधा नर निघतें. कारण अंड्यांसाठीं पाळल्या जाणाऱ्या जातींच्या उबवणीकेंद्रांना नर पिलें नको असतात व तींच स्वस्तांत बाजाराची वाट धरितात. तीन-चार महिन्यांनीं हा पाहुणा पहाटे आरवूं लागतो, शेजारी कुरकुरतात, आणि आतां याचें करावें काय, हा प्रश्न घरांत प्रथमच निघतो. आरंभ हौसेनें झालेला असतो. शेवटाची योजना मात्र कोणीच केलेली नसते.

परसांत कोंबड्या पाळणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांची मुख्य चूक हीच होय. कोंबडी पांच-सहा महिन्यांची झाली म्हणजे अंडीं देऊं लागते. पहिलें वर्ष तिच्या भराचें. त्यानंतर दरवर्षीं अंडीं कमी होत जातात. नीट सांभाळलेली कोंबडी सात-आठ वर्षें सहज जगते. म्हणजे तिच्या आयुष्याचा निम्म्याहून अधिक भाग असा असतो कीं, ती दाणे खाते पण अंडीं फारशीं देत नाहीं. या उत्तरकाळांत तिला पोसावयाचें कीं तिचें कालवण करावयाचें, याचा निर्णय पिलूं घरीं येण्यापूर्वीं व्हावा. दोन्ही मार्ग सरळ आहेत. निर्णयच न करणें आणि एके दिवशीं तिला रस्त्यावर सोडून देणें, हा मात्र मार्ग नव्हे. नगरपालिकेचे अथवा गृहसंस्थेचे नियम कोंबड्या पाळूं देतात कीं नाहीं, हेंही त्याच वेळीं विचारून घ्यावें.

पिलें मिळविण्याच्या दोन रीति आहेत. पहिली जुनी. गांवठी कोंबडी अंडीं देतां देतां मध्येंच खुडूक होते. घरट्यावरून उठत नाहीं, हात लावूं गेल्यास पिसें फुलवून टोंचते. अशा कोंबडीखालीं, तिच्या आकारमानाप्रमाणें, दहा-बारा ताजीं फलित अंडीं ठेवावीं. सातव्या रात्रीं अंधारांत अंडें दिव्यासमोर धरून पाहिलें म्हणजे आंत रक्तवाहिन्यांचें जाळें दिसतें. जें अंडें स्वच्छच दिसेल तें काढून टाकावें. एकविसाव्या दिवशीं पिलें बाहेर येतात. त्यांतील सुमारें निम्मे नर निघणार, हें आरंभींच गृहीत धरावें. अंड्यांसाठीं कोंबड्याची जरुरी नाहीं. तो लागतो केवळ पिलांसाठीं.

दुसरी रीत म्हणजे उबवणीकेंद्रांतून एक दिवसाचीं पिलें आणणें. पिलूं कवच फोडण्यापूर्वीं उरलेला बलक पोटांत ओढून घेतें व त्यावर सुमारें दोन दिवस अन्नपाण्यावांचून तग धरतें. म्हणूनच इतकीं कोवळीं पिलें दूरच्या गांवीं पाठवितां येतात. परसासाठीं हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानें सिद्ध केलेली वनराज किंवा बंगळूरची गिरिराज या जाति सोयीच्या आहेत. त्या गांवठी कोंबडीहून अधिक अंडीं देतात. पण त्या सहसा खुडूक होत नाहींत, म्हणून पुढील पिढी पुन्हा विकतच आणावी लागते.

आईवांचून वाढणाऱ्या पिलांना अन्नाइतकीच उबेची गरज असते. पहिल्या आठवड्यांत त्यांच्या अंगापाशीं सुमारें ३५ अंश सेल्सिअस उष्णता असावी. पुढें दर आठवड्यास सुमारें तीन अंश कमी करीत जावें. आजकालचे एलईडी दिवे उजेड देतात, पण पुरेशी ऊब देत नाहींत. या कामीं जुन्या पद्धतीचा तारेचा दिवाच हवा, आणि तो भुशावर पडून आग लागणार नाहीं असा पक्का टांगावा. उष्णतामापक नसला तरी पिलेंच सर्व सांगतात. दिव्याखालीं घोळका करून चिवचिवाट करीत असलीं तर त्यांना थंडी वाजते. दिव्यापासून दूर, चोंच उघडून धापा टाकीत असलीं तर उकडतें. चहूंकडे सारखीं पसरून टिपत असलीं तर सर्व ठीक आहे.

खालीं भाताचें तूस पसरावें. गुळगुळीत कागदावर पिलांचे पाय फांकतात व मग तीं अधू होतात. पाण्याचें भांडें उथळ असावें व त्यांत गोटे टाकावे, नाहींतर पिलें त्यांत बुडून मरतात. खाद्य पिलांसाठीं म्हणून मिळतें तेंच द्यावें. अंडीं देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यांत चुन्याचा अंश फार असतो. त्यानें पिलांचीं मूत्रपिंडें बिघडतात. बुरशी लागलेलें धान्य किंवा शेंगदाण्याची पेंड कधींही घालूं नये. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखावर टर्की पक्षी अशाच पेंडीनें मेले, आणि त्यांतूनच अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाचा शोध लागला.

परसांतील कोंबड्यांचा सर्वांत मोठा वैरी घार नव्हे, मुंगूसही नव्हे. तो राणीखेत रोग होय. खेड्यांत यालाच मानमोडी म्हणतात. मान पिळवटणें, पाय लुळे पडणें, हिरवट हगवण लागणें हीं त्याचीं लक्षणें. आणि आज एक आजारी तर थोड्याच दिवसांत खुराडें रिकामें, अशी त्याची गति. त्यावर उपचार नाहीं, लस आहे. पहिला डोस पिलूं पांच ते सात दिवसांचें असतांना डोळ्यांत अथवा नाकपुडींत थेंब टाकून देतात. पुढील डोस पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें द्यावे. लस बर्फांतूनच आणावी. उन्हांत तापलेली लस म्हणजे निव्वळ पाणी. एकाएकीं अनेक पक्षी मेले तर ते फेंकूं नयेत, कापूं तर मुळींच नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यास तात्काळ कळवावें. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें भारतांत प्रथमच बर्ड फ्लू आढळला व लाखों कोंबड्या माराव्या लागल्या; त्या आठवणीनें तरी ही दक्षता घरोघरीं पाळली जावी.

पिलें मोठीं होऊन तलंगा झाल्या म्हणजे त्यांना खुराड्यांत दर पक्ष्यामागें तीन-चार चौरस फूट जागा, रात्रीं बसावयास आडवी काठी, आणि चार कोंबड्यांमागें अंडीं घालण्यासाठीं पेंढ्याचें एक घरटें पुरे होतें. एका कोपऱ्यांत राख व कोरडी माती ठेवावी. तींत लोळून त्या पिसांतील उवा स्वतःच झाडतात. शिंपल्यांची भुकटी निराळ्या वाडग्यांत असावी. जिला हवी ती खाते. दार सायंकाळीं न चुकतां लावावें. मुंगूस व मांजर एका रात्रीच्या विसरभोळेपणाचीच वाट पाहत असतात. आणि खुराड्याचें काम झालें म्हणजे मुलांनीं व मोठ्यांनीं साबणानें हात धुवावे. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेंतूनही आंतड्याचे विकार पसरतात.

आतां तो उत्तरकाळ. अंडीं थांबलीं म्हणजे कोंबडी म्हातारीच झाली, असें समजणें हा तिच्यावर अन्याय आहे. वर्षांतून एकदां ती पिसें टाकते; त्या दोन-तीन महिन्यांत अंडीं बंद असतात. कडक उन्हाळा, जंत, खुडूकपणा, किंवा कुंपणापलीकडे लपवून केलेलें घरटें, हींही कारणें असूं शकतात. खरी परीक्षा हातांनीं होते. जी अंडीं देते तिचा तुरा लाल व टवटवीत असतो, गुदद्वार ओलसर व रुंद असतें, आणि त्याच्या दोहों बाजूंच्या हाडांमध्यें दोन-तीन बोटें मावतात. तुरा फिका, द्वार कोरडें आणि हाडांत जेमतेम एक बोट, अशी स्थिति पिसें भरून आल्यावरही कित्येक आठवडे राहिली, तर तिचे अंड्यांचे दिवस संपले असें समजावें.

ज्या घरीं मांसाहार नाहीं, किंवा जेथें मुलांनीं तिला नांव ठेवलें आहे व तिचें कालवण कोणाच्याही घशाखालीं उतरणार नाहीं, तेथें तिला पोसावें. ती किडे टिपील, बागेला खत देईल, आणि एखाद्या सकाळीं काठीवरून खालीं पडलेली आढळेल. मात्र हा खर्च चार-पांच वर्षांचा आहे, हें जाणूनच तो पत्करावा.

जेथें कालवणाचा निर्णय झाला आहे, तेथें काम जाणत्या माणसाकडूनच, एका झटक्यांत व इतर कोंबड्यांच्या नजरेआड करवावें. आदल्या रात्रीं दाणे बंद ठेवावे, पाणी ठेवूं द्यावें. औषध चालूं असल्यास त्याच्या वेष्टनावर दिलेली मुदत उलटल्याखेरीज पक्षी कापूं नये. पिसें काढण्यासाठीं पाणी उकळतें नको; साधारण साठ-पासष्ट अंशांचें पुरे, नाहींतर कातडी फाटते. पित्ताची पिशवी फुटूं न देतां काढावी. तिच्या एका थेंबानें कलेजी-पेटा कडू होतो. साफ केलेलें मांस एक दिवस शीतकपाटांत ठेवावें. मेल्यावर ताठरलेले स्नायु तेवढ्यानें सैल पडतात.

म्हाताऱ्या कोंबडीचें मांस चिवट म्हणून तिची निंदा होते. दोष कोंबडीचा नाहीं, घाईचा आहे. बाजारांतील ब्रॉयलर सहा आठवड्यांचा असतो. त्याच्या स्नायूंभोंवतालचे तंतु कोंवळे असल्यामुळें तो अर्ध्या तासांत शिजतो. तीन-चार वर्षें चाललेल्या, उकिरडे उकरलेल्या कोंबडीचे तंतु वयाबरोबर एकमेकांत घट्ट विणले जातात. तेच तंतु मंद आंचेवर दीर्घकाळ राहिले म्हणजे विरघळून रश्श्यांत उतरतात, आणि रस्सा थंड झाल्यावर त्याचा मुरंबा बांधल्यासारखा गोळा होतो. ब्रॉयलरचा रस्सा कितीही आटविला तरी ही चव येत नाहीं.

तुकड्यांना हळद, मीठ, आलें-लसूण आणि हवी तर किसलेल्या कच्च्या पपईची एक लहान चमचाभर गोळी चोळून अर्धा तास ठेवावें. पपई अधिक झाली तर मांसाचा वरचा थर लगदा होतो. मग भरपूर पाणी घालून एक उकळी आणावी, वरचा फेस काढावा, झांकण ठेवावें आणि आंच इतकी मंद करावी कीं पाण्यावर मधूनमधून एखादाच बुडबुडा यावा. अडीच-तीन तासांनीं मांस हाडापासून सुटूं लागतें. दाबाच्या कुकरांत हेंच काम पाऊण तासांत होतें. त्यानंतरच भाजलेला कांदा, सुकें खोबरें व मसाला यांचें वाटण घालावें. आधीं घातलेलें वाटण तळाशीं लागतें व मांस शिजलें कीं नाहीं हें कळत नाहीं. कोंकणांत याच रश्श्याबरोबर वडे तळतात, घाटावर भाकरी थापतात. दोन्हीकडे ताटांतील शेवटचा घास रश्श्याचाच असतो.

ही कोंबडी त्या घरांतील मुलांनीं पिलूं असतांना दिव्याखालीं ठेवलेली, तिचीं अंडीं त्यांनीं दोन वर्षें खाल्लेलीं. तिचें कालवण जेवावें कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें. न जेवणाऱ्या मुलावर आग्रह धरूं नये, त्याची थट्टाही करूं नये. ताटांत काय वाढलें आहे व तें कोठून आलें, हें त्याला इतरांपेक्षां अधिक कळलें आहे. जत्रेंतील रंगीत पिलांच्या टोपलीपाशीं पुढच्या वर्षीं तेंच मूल उभें राहील, तेव्हां हट्ट धरण्यापूर्वीं तें बहुधा एक प्रश्न विचारील : हें मोठें झाल्यावर आपण याचें काय करणार?