गडाखालची नदीवाट



ज्या फोर्ट विल्यमच्या छायेत आम्ही अर्धे आयुष्य घालविले, त्यास लष्कराने 2024 च्या अखेरीस ‘विजयदुर्ग’ हे नाव दिले. वाघोटन नदीच्या मुखाशी उभा असलेला आपला विजयदुर्ग आणि हुगळीकाठचा हा किल्ला, दोन्ही जलमार्गाचे राखणदार. म्हणून नदीकाठच्या वाटेविषयी दोन शब्द बोलतो.

युरोपात डॅन्यूबकाठी पासाउपासून व्हिएन्नापर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटरांचा सायकलमार्ग आहे. पूर्वी काठावरून घोडे नावा ओढीत. घोडे गेले, वाट उरली. आज तीवरून कुटुंबेच्या कुटुंबे बहुतांशी मोटारींच्या भयावाचून गावोगाव हिंडतात.

आमच्या नगरीत मात्र 2013 साली 174 रस्त्यांवर सायकलींना मज्जाव झाला. मोटारींच्या गर्दीची शिक्षा दूधवाल्याला, मजुराला मिळाली. नदी ओलांडणारी लाँच तेवढी त्यांची सायकल आजही घेते.

गडाखालून दक्षिणेश्वरावरून हुगळीच्या खोऱ्यातील खेड्यांपर्यंत मोटारविरहित वाट व्हावी, हा आग्रह आपल्या मंडळाने या सुवर्णमहोत्सवी वर्षी धरावा. तीवरून सकाळी दूध यावे आणि रविवारी आपली मुले नदी पाहावयास जावीत, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.