साचा वेगळा, माहिती वेगळी



भाद्रपद जवळ आला की कारेलीबागेतल्या गणेशमंडळांना कार्यक्रमपत्रिकेचे वेध लागतात. बडोद्यात ती मराठीत हवी आणि गुजरातीतही. आता ती कागदावर छापून भागत नाही, इंटरनेटवरही लागते. समजा, कुणा इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं रात्री जागून दोन्ही पानं तयार केली. दुसऱ्या दिवशी कीर्तनाची वेळ सातऐवजी साडेसात झाली. त्यानं मराठी पान सुधारलं, गुजराती तसंच राहिलं. मग गुजराती पान वाचून मुक्तानंद सर्कलकडून आलेली मंडळी अर्धा तास सतरंजीवर बसून राहणार.

चूक त्या मुलाच्या आळसाची नव्हे. एकच वेळ दोन ठिकाणी लिहिली, तिथंच घोळ झाला. टेम्प्लेट इंजिन नावाचं साधन यासाठीच आहे. मंडळाचं पावतीपुस्तक आठवा. छापील मजकूर तोच, नाव आणि रक्कम तेवढी भरायची. वेबपानाचा असाच साचा एका फाइलीत ठेवायचा, माहिती दुसरीकडे ठेवायची आणि इंजिनानं दोन्ही जुळवून पान तयार करायचं.

पूर्वी असं नव्हतं. रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९५ साली पीएचपी ही वेबपानांची भाषा लोकांपुढे आणली, तेव्हा पानाचा मजकूर आणि प्रोग्रामचा कोड एकाच फाइलीत शेजारी शेजारी नांदत. काम चटकन व्हायचं, पण दोन वर्षांनी तीच फाइल उघडली की डोकं धरायची वेळ. पुढं साचे वेगळे ठेवणारी इंजिनं आली. पायथॉन शिकणाऱ्यांनी जिंजा घ्यावं, असं मी सुचवीन. आर्मिन रोनाखर या ऑस्ट्रियन प्रोग्रामरचं हे काम, त्याची दुसरी आवृत्ती २००८ची. ते फुकट आहे आणि पिप हे पायथॉनचं साधन वापरून एका आज्ञेत बसवता येतं.

खुणा रेडिओवर दाखवता येत नाहीत, तेव्हा सांगतो. साच्यात जिथं माहिती यायची, तिथं दोन महिरपी कंस उघडायचे, आत ‘वेळ’ किंवा ‘स्थळ’ असं नाव लिहायचं आणि दोन कंसांनी बंद करायचं. कार्यक्रम दहा असोत की चाळीस, त्यांच्यासाठी ‘फॉर’ची फेरी एकदाच लिहायची. तिची सूचना महिरपी कंस आणि टक्क्याची खूण यांनी उघडते आणि टक्क्याची खूण व कंस यांनी बंद होते. वरचं शीर्षक, खालचा पत्ता, मंडळाचं चित्र हे सगळ्या पानांना सारखंच असतं. त्याचा एक मूळ साचा करावा, बाकीचे साचे त्याच्यावरून बेतावेत.

दोन भाषांचं काय? कार्यक्रमांची यादी एकच ठेवा. प्रत्येक कार्यक्रमाचं नाव तिच्यात दोन्ही भाषांत असू द्या, वेळ मात्र एकदाच लिहा. ‘स्थळ’, ‘वेळ’, ‘प्रमुख पाहुणे’ असे ठरीव शब्द एका तक्त्यात मांडा. एका गोष्टीची अनेक भाषांतली नावं शेजारी मांडायची सवय बडोद्याला जुनीच आहे. सयाजीराव महाराजांच्या राजवटीत १९३१ साली निघालेल्या ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ या कोशात राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत दिले होते. आपल्याला दोनच भाषा सांभाळायच्या आहेत! आकड्यांसाठी एक छोटं फिल्टर, म्हणजे मजकूर बदलून देणारं फंक्शन, लिहिलं की तीच वेळ मराठी पानावर देवनागरी अंकांत आणि गुजराती पानावर गुजराती अंकांत उमटते. फाइली यूटीएफ-८ या अक्षरसंकेतातच साठवा, नाहीतर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतील.

आता दोन ठेचा. पहिली म्हणजे, साच्यातलं नाव चुकलं तर जिंजा तक्रार करत नाही, मुकाट्यानं रिकामी जागा सोडतं. कीर्तन आहे, पण वेळच नाही! म्हणून सुरुवातीपासून जिंजातली ‘स्ट्रिक्ट अनडिफाइन्ड’ ही सोय लावा. मग चूक लगेच ओरडून सांगितली जाते.

दुसरी अधिक गंभीर. देणगीदारांची नावं लोक स्वतः फॉर्ममध्ये भरत असतील, तर नावाच्या जागी कुणी स्क्रिप्टही लिहील आणि ती पान पाहणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये चालेल. ‘ऑटोएस्केप’ चालू असलं की असा मजकूर निव्वळ अक्षरं म्हणून दिसतो. नुसतं जिंजा वापरताना ते आपणहून चालू नसतं. फ्लास्क या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये एचटीएमएल साच्यांना ते चालू मिळतं. ‘सेफ’ नावाचं फिल्टर लावलं की हे संरक्षण निघून जातं. नाव ‘सेफ’ म्हणून फसू नका.

आणि साच्यात हिशेब मांडू नका. वर्गणीची बेरीज पायथॉनमध्ये करा, साच्याला तयार आकडा द्या. नाहीतर मजकूर आणि कोडची ती जुनी खिचडी पुन्हा शिजते.

कॉलेजातल्या मुलामुलींना माझी विनंती आहे. यंदा आपल्या मंडळाची पत्रिका याच पद्धतीनं करा. आधी तीनच कार्यक्रम घ्या, एकच साचा लिहा, मग एक वेळ बदलून दोन्ही भाषांतली पानं उघडून पाहा.