घरच्या घरीं गिटारचें ध्वनिमुद्रण

ध्वनिमुद्रण ही एके काळीं मोठ्या शहरांची मिरासदारी होती. १९०२ सालीं गौहरजान हिनें कलकत्त्यास ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढें गाणें गायिलें. त्यानंतर कित्येक दशकें, आपला आवाज तबकडीवर उमटवावयाचा तर कलावंताला कंपनीच्या दारींच जावें लागे. अमेरिकेंत लेस पॉल या गिटारवादकानें घरच्या मोटारखान्यांत यंत्रें मांडून, गिटारचे आठ आवाज एकावर एक चढवून केलेली ‘लव्हर’ ही तबकडी १९४८ सालीं बाहेर आली, आणि हें काम घरींहि साधतें असें जगाला दिसलें. मात्र लेस पॉल हा स्वतः यंत्रें जुळविणारा कसबी होता. आज तीच सोय जळकोटसारख्या तालुक्याच्या गांवीं एखाद्या विद्यार्थ्याच्या टेबलावर येऊं शकते. अडचण आतां यंत्र मिळण्याची राहिली नाहीं. कोणतें घ्यावें आणि कोणतें घेऊं नये, ही आहे.

लातूर जिल्ह्यांतील या जळकोटचेंच एक घर डोळ्यांपुढें आणावें. मुलगा लातुरास महाविद्यालयांत शिकतो. त्यानें एक जुनी इलेक्ट्रिक गिटार मिळविली आहे. लॅपटॉप घरीं आहेच. सोयाबीनची पट्टी हातीं आल्यावर वडिलांनीं पंधरा हजार रुपये बाजूला काढून दिले. तेवढेच, पुढच्या सुगीपर्यंत दुसरे नाहींत. घरांत आजी आहे. जात्यावर दळतां दळतां म्हणावयाच्या ओव्या तिला पुष्कळ पाठ आहेत, आणि त्यांना गिटारची साथ द्यावी असें नातवाच्या मनांत आहे. आजीचा आवाज मात्र वर्षागणिक खोल चालला आहे. चुकीची वस्तु घेतली तर पैसे पुन्हां जमतील; हा आवाज पुन्हां मिळेलच असें नाहीं.

नव्या माणसाचें मन प्रथम मोठ्या ॲम्प्लिफायरवर बसतें. दुकानांत तो खणखणीत वाजतो, आणि गिटार म्हणजे हेंच असें वाटतें. परंतु मुद्रणासाठीं त्याची गरज नाहीं. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखालीं लोहचुंबक असतात व त्यांच्याभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात. पोलादी तार हालली कीं वेढ्यांत अत्यंत क्षीण वीज उत्पन्न होते. मुद्रण करावयाचें तें या विजेचें. ती लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रांत सरळ घातली तर आवाज मंद व बोथट येतो, कारण तें छिद्र या कामासाठीं केलेलें नसतें. तेथें मध्यस्थ म्हणून ऑडिओ इंटरफेस नांवाची लहान पेटी लागते. तिच्यावर ‘इन्स्ट्रुमेंट’ असें लिहिलेलें छिद्र आहे कीं नाहीं, हें पहिल्यानें पाहावें. अशा छिद्राचा विरोध सुमारे दहा लक्ष ओहम असतो. त्यामुळें गिटारच्या दुबळ्या विजेवर ओढ पडत नाहीं आणि वरचे स्वर स्वच्छ येतात.

पेटींतून आलेला आवाज प्रथम ऐकणारा बहुधा निराश होतो. तो कोरडा व किरटा लागतो. याचें कारण असें कीं गिटारच्या ॲम्प्लिफायरचा बारा इंची कर्णा दर सेकंदास पांच हजार कंपनांच्या वरचे ध्वनि फारसे बाहेर टाकतच नाहीं, आणि आपल्या कानाला तोच गोलावा परिचित असतो. ही उणीव संगणकांतील प्रोग्राम भरून काढतो. ॲम्प्लिफायर व कर्णा यांची नक्कल करणारे कित्येक प्रोग्राम फुकट मिळतात. मुद्रणासाठीं ‘ऑडॅसिटी’ विनामूल्य आहे. तेव्हां प्रोग्रामवर आरंभीं एक रुपयाहि खर्च करूं नये.

दुसरी गोष्ट विलंबाची. तार छेडल्यापासून हेडफोनमध्यें आवाज येईपर्यंत संगणकाला थोडा वेळ लागतो. दर सेकंदास ४४,१०० नमुने घेतले जात असतां २५६ नमुन्यांची रास धरली, तर सुमारें सहा सहस्रांश सेकंद जातात. म्हणजे दोन मीटरांवर ठेवलेला कर्णा ऐकण्यासारखेंच झालें. तें सहज खपतें. रास १,०२४ नमुन्यांची केली तर अंतर आठ मीटरांचें होतें, आणि हात व कान यांची ताटातूट होऊं लागते. म्हणून पेटी घेतांना तिच्या कंपनीनें स्वतःचा ड्रायव्हर दिला आहे काय, हें विचारावें.

तिसरी गोष्ट गुणगुणीची. आपल्याकडील वीज दर सेकंदास ५० आवर्तनें करते, आणि एकेरी वेढ्यांचा पिकअप ती गुणगुण इमानानें पकडतो. १९५५ सालीं गिब्सन कंपनींत सेथ लव्हर यानें दोन उलट वेढे जोडून ही गुणगुण मारण्याची युक्ति काढली. तसा दुहेरी पिकअप जुन्या गिटारींत असेल तर उत्तम. नसेल तर लॅपटॉपपासून चार हात दूर, अंग थोडें वळवून बसावें. चार्जर काढतांच घरघर थांबली, तर दोष पेटींत नसून चार्जरमध्यें किंवा घराच्या अर्थिंगमध्यें आहे असें समजावें, आणि नवें यंत्र घेण्याऐवजीं वायरमनला बोलवावें.

आतां प्रश्न आजीच्या आवाजाचा. केवळ गिटारपुरती पेटी स्वस्त पडते. परंतु ती घेतली तर आजीला जागा उरत नाहीं. यास्तव एक छिद्र वाद्याचें व एक माइकचें, अशी दोन छिद्रांची पेटी घ्यावी. ती साधारण पांच-सहा हजारांपासून मिळते. माइक दोन जातींचे असतात. कंडेन्सर माइक नाजूक कानाचा. त्याला पेटीकडून ४८ व्होल्ट द्यावे लागतात, आणि तो रस्त्यावरचा ट्रॅक्टरहि टिपतो. डायनॅमिक माइक अंमळ बधिर. पण तोंडापासून वीतभर अंतरावर धरला कीं जवळचेंच ऐकतो. गांवच्या घराला हा बधिरपणाच उपकारक. असा माइक दोन-अडीच हजारांत, बंद कपांचा हेडफोन तितक्यांतच, आणि तीन मीटरांची चांगली केबल पांचशेंत बसते. याप्रमाणें बारा हजारांच्या आंत काम भागतें; उरलेल्या पैशांत माइकचा स्टँड व तारांचे दोन संच येतात.

खोली विकत आणावी लागत नाहीं. मराठवाड्यांतील जुन्या माळवदाच्या घराच्या जाड मातीच्या भिंती बाहेरचा गलबला अडवितात. पत्र्याची खोली मात्र पावसांत व उन्हांत कडाडते, ती टाळावी. दोन वाकळी दोरीवर टांगल्या कीं आवाजाचा घुमारा पुष्कळ कमी होतो. पंखा बंद ठेवावा, आणि वेळ पहांटेची घ्यावी; ओव्यांची वेळहि तीच.

मुद्रण करतांना आजीला आधीं गाऊं द्यावें. तिला ताल मोजून देऊं नये, कीं सूर वरखालीं करावयास सांगूं नये. तिची पट्टी गिटारच्या दोन पडद्यांच्या मध्येंच पडली, तर गिटारच्या साऱ्या तारा तिच्या सुराला लावून घ्याव्या. तारेला खुंटी आहे, म्हाताऱ्या कंठाला नाहीं. आवाजाची पातळी कमाल मर्यादेच्या बारा डेसिबल खालीं ठेवली म्हणजे अकस्मात् चढलेला स्वर फाटत नाहीं. २४ बिटांच्या एकेरी मुद्रणास मिनिटाला सुमारें आठ मेगाबाइट जागा लागते, म्हणजे तासभर गाणें पांचशें मेगाबाइटांच्या आंत राहतें. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणीं त्याच दिवशीं कराव्या.

हेमा राईरकर व गी पॉइटव्हँ यांनीं ग्रामीण महाराष्ट्रांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. तरीहि प्रत्येक घरची ओवी त्यांत कशी येणार? ती त्या त्या घरानेंच राखावयाची आहे. गिटारचा भाग चुकला तर नातू तो पुढच्या सुगीला, किंवा दहा वर्षांनींहि, पुन्हां वाजवूं शकेल. म्हणून ती पेटी घरीं आली म्हणजे पहिल्या दिवशीं गिटार कोपऱ्यांतच राहूं द्यावी, आणि माइक आजीपुढें ठेवावा.